धक्के मोजणारे साहेब

“डोळे मिटा भाऊ. शंभर मोजा. अन् किती धक्के लागले ते सांगा.”

कुठल्याही बाजारात पाय ठेवला की साहेबांचं पहिलं काम हे. चारबाग स्टेशनच्या तोंडाशी, जिथे ऑटोवाले, कुली आणि हॉटेलांचे दलाल एकमेकांच्या अंगावर चढतात, तिथे हा माणूस मधोमध उभा राहायचा. हात मागे बांधलेले, डोळे गच्च मिटलेले. लोक शिव्या देत, खांदे मारत जायचे. एकदा कुलीच्या डोक्यावरच्या ट्रंकेचा कोपरा कपाळात घुसला. रक्त भुवईवरून ओघळलं तरी ओठ हलत होते. शंभर झाल्यावरच डोळे उघडले आणि म्हणाले, “एकतीस. ट्रंक धरून बत्तीस. जिवंत आहे गाव.”

मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलंय. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

मी त्यांच्या हाताखाली खलाशी होतो. जहाजावरचा नव्हे. जमीन मोजताना टेपचं एक टोक धरून उन्हात उभा राहतो, भिंतीवर लाल निशाण मारतो, त्यालाही सरकार खलाशी म्हणतं. शिक्षण चौथी. आधी बल्लारशाकडे रेल्वेच्या गँगमध्ये गिट्टी ठोकली, मग एका सर्व्हेच्या टोळीबरोबर लखनौला आलो आणि इथेच हाडं टाकली. शहर आखण्याच्या त्या ऑफिसात वीस वर्षं मला सगळे ‘अबे मराठे’ म्हणत. नव्वदनंतर हे साहेब आले. पहिल्या दिवशी मी टेबलावर पाणी ठेवलं, तर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “जय भीम, भाऊ. कुठले?” साहेब नागपूरचे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. त्या दिवसापासून ह्या माणसासाठी मी कुणाचंही डोकं फोडलं असतं. पुढे काय झालं ते सांगायलाच बसलोय.

ऑफिसने त्यांना सहा महिने अमेरिकेला धाडलं होतं, शिकायला. लोक तिकडून घड्याळं आणतात. साहेबांनी एका जाड वहीत गावं आणली. न्यूयॉर्क वगैरे नाही. “मोठ्या शहरांना कोणीही बघतो,” म्हणायचे. “मधल्या अंगाची गावं बघावी, आपल्या लखनौसारखी. अन् त्यांचं डाऊनटाऊन बघावं. माणसाचं पोट बघावं तसं.”

रविवारी ते आमच्या विकास नगरच्या खोलीवर जेवायला यायचे. एकटेच राहायचे इथे. माझी बायको गोळाभात करायची, आणि साहेब ताटावर बसून गावांची उणीदुणी काढायचे, जशी मोहल्ल्यातल्या माणसांची काढतात.

“टल्सा म्हणजे, वैनी, जमीनदाराची विधवा. एके काळी तेलाचा पैसा. एकेक इमारत अशी की बघत राहावं, दागिनेच. पण मधले दात पडलेले. जिथे तिथे इमारत पाडून गाड्या उभ्या करायला मैदान केलंय.”

“अन् मंग तिथली माणसं?”

“पाच वाजले की गाडीत बसून पळाली.”

“अन् ते दुसरं कोनतं, द्याय-माय?”

“डेमॉईन. ते गाव सोवळ्यातलं. पाय जमिनीला लावत नाही. एका इमारतीतून दुसरीत जायला वरतीच काचेचे पूल. लोक वरून चालतात, खालचा रस्ता ओस. मी खाली उभा राहिलो वैनी, डोळे मिटून. शंभर मोजले, पाचशे मोजले. एक धक्का नाही. भीती वाटली मला. वाटलं, मीच मेलो की काय.”

बायको ह्यावर खूप हसली होती. मग म्हणाली, “पन भाजी कुठून आनतात ते लोकं?” साहेबांचा घास हातातच राहिला. “हाच सवाल, वैनी. ह्याच सवालावर तिकडे जाड जाड पुस्तकं लिहितात.”

मॅडिसन त्यांचं लाडकं. दोन तळ्यांच्या मधे, विधानसभेच्या भोवती शनिवारी भाजीबाजार भरतो म्हणे. तिथे त्यांना नऊ धक्के लागले होते. ओमाहाच्या जुन्या गोदामांत आता दुकानं आहेत, खाणावळी आहेत, तिथे सहा. बाकी गावांपुढे शून्य. वहीत तसं लिहिलेलं मी पाहिलंय. आकडे मला वाचता येतात.

आता माझी गोष्ट ऐका, आणि हसायचं तर हसा. दोन वर्षं मी ‘डाऊनटाऊन’ ऐकत होतो, मान हलवत होतो, आणि त्याचा अर्थ, गावाच्या मधला बाजार, मला ठाऊक नव्हता. विचारायची लाज. रेल्वेच्या गँगमध्ये ज्याने जवानी घालवली त्याला दोनच दिशा, अप आणि डाऊन. मी धरून चाललो की डाऊन लाइनच्या अंगाला जे गाव असतं ते डाऊन-टाऊन. अमेरिकेतली सगळी गावं म्हणे रेल्वेने वसवलेली. बसत होतं सगळं.

चारबागच्या मागे एक गल्ली होती. एका बाजूला दुकानांची ओळ: कुलूपवाला, हलवाई, दऱ्या विकणारा, आणि बादल्या, ट्रंका ठोकणारा एक पत्रेवाला. समोरच्या बाजूला गोदामं. निम्मी बंद, उंदरांनी भरलेली. गोदामांच्या पाठीला लागून रेल्वेची डाऊन लाइन.

ऑफिसला अख्खी गल्ली पाडायची होती. गाड्या उभ्या करायला. मोठ्या साहेबाने नकाशावर पंजा ठेवला आणि म्हणाला, “एकदम अमरीका जैसा बना देंगे.” आमच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास टेबलावर इतक्या जोरात आपटला की काच तळव्यात घुसली. तळवा दाबत म्हणाले, “सर, अमेरिकेने हेच करून गावं मारली. आता रडतायत.” मोठा साहेब म्हणाला, “खून पोंछिए.”

पहिल्या दिवशी गल्ली मोजायला गेलो तर पत्रेवाला आडवा आला. पैलवानासारखा गडी, दंड काळे, हातात पत्रा कापायची कात्री. “अमाँ, क्या नाप रहे हो? हमारी क़ब्र?” म्हणत त्याने ताणलेली टेप मधोमध खचकन कापली. कापडी टेप ती. तुटलेलं टोक माझ्या गालावर चाबकासारखं बसलं. मी लाल झेंड्याची काठी उपसली. साहेबांनी माझं मनगट धरलं. खाली बसले, दोन्ही टोकं उचलली, शांतपणे गाठ मारली आणि पत्रेवाल्याला म्हणाले, “चाय पिलाओगे, या वो भी काटोगे?”

त्याने कात्री खाली केली. मग हसला. गल्ली हसली.

नवी टेप मागितली तर ऑफिस देईना, आणि साहेबांनाही ती नको होती. पुढचं सगळं मोजमाप त्या गाठीच्या टेपनेच. मी आकडा ओरडलो की ते ओरडायचे, “गाठ वजा करा, भाऊ!” गाठीत चार बोटं खाल्ली गेली होती. पोरांपासून हलवायापर्यंत अख्खी गल्ली ते शिकली. साहेब दिसले की पत्रेवाला हातोडी थांबवून हाक द्यायचा, “आइए साहब, गाँठ वजा कीजिए!”

त्या गल्लीत साहेबांना शंभरात चाळीस धक्के लागले. चारबागच्या तोंडापेक्षाही जास्त. पत्रेवाल्याच्या फळीवर बसून ते म्हणाले, “हे खरं डाऊनटाऊन, भाऊ. ओमाहावाले पैसे टाकून असं बनवतात. आपल्याला फुकट मिळालंय अन् आपण पाडतोय.” मी मान हलवली. गोदामांमागून डाऊन मालगाडी धडधडत चालली होती. म्हटलं, बरोबर आहे, डाऊन समोरच आहे.

दीड वर्ष ते भांडले. पत्रेवाल्याच्या हातात हात देऊन म्हणाले होते, “आपकी लाइन नहीं टूटेगी. मेरी ज़बान.” पत्रेवाल्याने ते हलवायाला सांगितलं, हलवायाने सगळ्यांना. लोकांनी दुकानांना नवा रंग दिला. कुलूपवाल्याने मुलीचं लग्न पुढे ढकललं होतं, ते उरकून घेतलं.

मग जानेवारीची ती सकाळ. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. साहेब दिल्लीला मीटिंगला निघाले होते. टेम्पोत बसलेले, तोंडाला मफलर. मला पाहून टेम्पो थांबवला आणि ओरडले, “भाऊ, मंजुरी आली! एकच बाजू पाडायची. डाऊनटाऊन सोडायचं. समोरच्या बाजूवर निशाण मारा.”

मी विचारलं. खोटं सांगत नाही, मी विचारलं. “डाऊनची बाजू सोडायची ना, साहेब?”

“हाव हाव, डाऊनटाऊनच! चुकू नका!” आणि टेम्पो धुक्यात गेला.

आज वाटतं, मफलरच्या आत ते आनंदाने हसत असणार. मला दिसलं नाही.

डाऊनची बाजू म्हणजे गोदामं. ती सोडायची. म्हणजे निशाण दुकानांवर. डोक्यात एकदा आलं, की अरे, हे उलटं कसं? पण वीस वर्षं सरकारी नोकरी केली होती मी. भरलेलं पाडायचं आणि रिकामं राखायचं, हे मी डोळ्यांनी पाहत आलो होतो. वाटलं, साहेब हरले. मोठ्या साहेबाने वाकवलं त्यांना. मला रागही आला त्यांचा. त्या रागातच लाल रंगाचा डबा उचलला आणि दुकानांच्या नव्या रंगावर एकेक फुली ओढत गेलो.

पत्रेवाल्याने विचारलं, “ये क्या है, चचा?”

“साहब का हुकुम.”

त्याने हातोडी खाली ठेवली, एवढंच.

बुलडोझर नकाशा वाचत नाही, लाल रंग वाचतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. सोबत पोलिसांच्या दोन गाड्या. मी खलाशी म्हणून हजर. पहिला दणका हलवायाच्या दुकानाला. कढई उलटली, उकळतं तेल रस्त्यावर पसरलं आणि एका शिपायाचा पाय पोळला. तो किंचाळला तशी लाठी सुरू झाली. हलवायाच्या म्हाताऱ्या आईच्या पाठीवर बसलेल्या लाठीचा आवाज मला अजून ऐकू येतो. ओल्या गादीवर काठी मारावी तसा. मग विटा आल्या. कुलूपवाल्याचं दुकान फुटलं आणि शेकडो कुलुपं रस्त्यावर सांडली. विटा संपल्या तसे लोक कुलुपं फेकू लागले. पितळी, लोखंडी, मुठीएवढी. एक पोलिसाच्या दातांवर बसलं. तो दात हातात घेऊन बघत उभा राहिला.

आणि तेवढ्यात स्टेशनकडून साहेब चालत आले. दिल्लीच्या गाडीतून उतरून थेट. हातात बॅग, मफलर तसाच.

ते गल्लीच्या तोंडाशी थांबले. पाडलेल्या दुकानांकडे पाहिलं. अख्ख्या उभ्या गोदामांकडे पाहिलं. बॅग टाकली आणि धावत बुलडोझरपुढे उभे राहिले. दोन्ही हात वर. “रोको! ग़लत लाइन है! रोको!”

बुलडोझर थांबला. माणसं थांबली नाहीत. त्यांनी साहेबांना घेरलं. पत्रेवाला पुढे, हातात लोखंडी सळई. त्याच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. बोलला मात्र अगदी हळू. “साहब, ज़बान दी थी. निशान किसने लगवाए?”

मी सात-आठ हातांच्या अंतरावर होतो. लाल रंग नखांतून जात नाही. दोन दिवस घासलं होतं तरी गेला नव्हता. मी हात खिशात घातले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशांकडे पाहिलं. मला तोंड उघडायला वेळ होता. पुष्कळ वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं, ‘मैंने ग़लत समझा.’ माझे हात खिशातून निघाले नाहीत.

साहेब पत्रेवाल्याला म्हणाले, “मैंने लगवाए. ग़लती मेरी है.”

सळई गुडघ्यावर बसली. साहेब वाकले. दुसरी खांद्यावर. मग सगळेच तुटून पडले. त्या गर्दीत साहेबांना किती धक्के लागले ते मी मोजले नाहीत. कुठूनतरी एक कुलूप आलं, मोठं, शटरला लावतात तसलं, आणि त्यांच्या कानशिलावर बसलं. ते खाली बसले, जसे टेपला गाठ मारायला बसले होते तसेच. मग आडवे झाले.

हॉस्पिटलात नऊ दिवस होते. चौथ्या दिवशी शुद्ध आली. डोक्याला टाके, ओठाला टाके. चौकशीवाला बाबू येऊन गेला. मी पलंगाशी उभा असताना साहेबांनी त्याला सांगितलं, “खलाशाने मी सांगितलं तसंच केलं.” बाबूने लिहून घेतलं. मी तेव्हाही गप्प. माझी नोकरी होती, पेन्शनला सहा वर्षं होती. जे आहे ते सांगतो.

बाबू गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. “भाऊ, एक सांगा. डाऊनटाऊन म्हणजे तुम्ही काय समजत होते?”

मी सांगितलं. अप, डाऊन, सगळं.

ते हसायला लागले. असे हसले की ओठाचा टाका उसवला, उशी लाल झाली, नर्स धावत आली. “म्हणजे दोन वर्षं,” ते म्हणत होते, “दोन वर्षं मी तुम्हाला टल्साची डाऊन लाइन सांगत होतो?”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडलो. म्हटलं, “साहेब, मी सांगतो सगळ्यांना. आजच जाऊन सांगतो.”

त्यांनी डोळे मिटले होते. “गाठ वजा करा, भाऊ,” म्हणाले. मला वाटलं, शंभर मोजतायत. झोप लागली होती. नवव्या दिवशी मेंदूत रक्त साकळलं आणि गेले.

मी कुणालाच सांगितलं नाही.

बायकोने सगळं काढून घेतलं माझ्याकडून. ताटावर बसलो होतो. ती म्हणाली, “जीव त्याचा गेला अन् नोकरी तुही राह्यली. जाऊन सांग त्या लोकाईले.” मी तिच्या थोबाडीत मारली. पस्तीस वर्षांच्या संसारात एकदाच. तिने गाल धरला नाही, रडली नाही. ताट उचललं आणि मोरीत उलटं केलं. मरेपर्यंत तिने दुसऱ्यांदा गोळाभात केला नाही. सणावारीसुद्धा. पाहुणे मागायचे, तर म्हणायची, “भाऊजी गेले तवापासून जमत नाही मले.”

पत्रेवाल्याला सात वर्षांची सजा झाली. कुलूप कोणी मारलं ते कुणाला दिसलं नव्हतं, सळई सगळ्यांना दिसली होती. गल्लीची दुसरी बाजूही पुढे पाडली, सगळं सपाट केलं. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. टल्सासारखं. आणि त्या भागातली जुनी माणसं साहेबांचं नाव निघालं की अजून थुंकतात. ज़बान देकर मुकर गया था, म्हणतात.

गेल्या पौषात बायको गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. शेवटी पाणी पाजत होतो तर घोट न घेता म्हणाली, “सांगतलं का रे त्या पत्रेवाल्याले?” दुसरं काही नाही. एवढंच.

तेरा दिवस घरात बसलो. ही गोष्ट जाणणारी दोनच माणसं उरली होती, त्यातलं एक गेलं. मी गेलो की साहेब कायमचे लबाड ठरणार. चौदाव्या दिवशी पेटीतून गाठीची टेप काढली, खिशात घातली आणि चारबागला गेलो.

पत्रेवाला सापडला. गाड्यांच्या मैदानाच्या कडेलाच हातगाडीवर बादल्यांना बूड लावत बसतो. दाढी पांढरी, डावा डोळा गेलेला. दंड मात्र तसेच. मी टेप त्याच्यापुढे ठेवली. त्याने गाठ बोटांनी चाचपली. हातोडी थांबली.

मी उभ्यानेच सांगितलं. धुकं, मफलर, अप, डाऊन. निशाण मी मारलं. साहेबांनी तुमचीच लाइन वाचवली होती. मंजुरी आली होती. मी खिशात हात घालून उभा होतो. सगळं हिंदीत सांगितलं, मोडक्या. मधे कुठे थांबलो नाही.

तो मग उठला. म्हणाला, “सात साल मैंने उस आदमी को गाली दी. रोज़. नमाज़ के बाद भी.” तो माझ्या अगदी पुढ्यात आला. “और तू खड़ा था?”

त्याने दोन्ही पंजे माझ्या छातीवर ठेवले आणि सगळी ताकद लावून मला ढकललं. मी मागे दोन गाड्यांच्या मधे पडलो. डोकं बंपरवर आपटलं, चष्मा गेला. ड्रायव्हर लोक लांबून बघत होते. जवळ कुणी आलं नाही. एवढ्या मोठ्या मैदानात माझ्या आसपास फक्त पत्रा.

तो टेप छातीशी धरून रडत होता.

मी पडल्या पडल्या डोळे मिटले.

“एक,” मी म्हणालो.